राजदूताच्या दारावरची पाटी

जर्मनीचा राजदूत म्हणून एबरहार्ट फ्लायडरर जिथे जिथे गेला, तिथे त्याच्यासाठी लाल गालिचा अंथरला गेला. निवृत्त होऊन तो न्यूर्टिंगन या आमच्या गावी, आम्ही राहतो त्या घरात परतला, तेव्हा जिन्यात साधं पायपुसणंही नव्हतं. त्याच्या बहिणीने ते नेमकं त्याच दिवशी धुवायला काढलं होतं.

ती बहीण, लिसबेट, तळमजल्यावर राहते. मधल्या मजल्यावर मी, बेकरी मुलाच्या गळ्यात घालून मोकळी झालेली विधवा. वरची जागा त्यांच्या आईची, तिथे आता एबरहार्ट आला. आम्ही दोघं एका वर्गात होतो. तो परराष्ट्र खात्यात गेला आणि दर तीन-चार वर्षांनी नवा देश, नवा बंगला, नवा आचारी असं त्याचं आयुष्य गेलं. आईला प्रत्येक देशातून भेट यायची. कधी चांदीचं तबक, कधी लाकडी मुखवटा. लिसबेट त्या भेटी तळघरात बटाट्यांशेजारी ठेवायची.

आई अंथरुणाला खिळली, तेव्हा साहेबांनी तिकडून फोनवर नर्स ठरवली. म्हातारीने तिला दोन दिवसांत पिटाळलं आणि पुढचं सगळं लिसबेटने केलं. आईला पुरलं त्या दिवशी साहेब कुठल्याशा मंत्र्याच्या स्वागताला विमानतळावर उभे होते. तेव्हापासून लिसबेट त्याच्याशी बोलत नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, पण ती भांडलीही नाही.

आता त्याला एकच गोष्ट हवी होती. रविवारी दुपारी लिसबेटच्या स्वयंपाकघरात बसून तिच्या हातची कॉफी.

"हिल्डे, मी दोन शत्रू देशांना एका टेबलाशी बसवलंय," तो मला म्हणायचा.

"मग एका बहिणीला बसवून दाखव की!"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आमच्याकडे जिना झाडायची पाळी असते. ज्याची पाळी, त्याच्या दारावर पाटी लटकते आणि शनिवारी त्याने जिना, तळघर आणि फुटपाथ लख्ख करायचा. पाटी पहिल्यांदा एबरहार्टच्या दारावर आली, तेव्हा त्याने सफाई कंपनीला फोन केला. दोन माणसं यंत्र घेऊन आली, जिना आरशासारखा करून गेली. त्यांची गाडी वळते न वळते तोच लिसबेट झाडू घेऊन बाहेर आली आणि तिने सगळा जिना पुन्हा झाडला.

तो माझ्याकडे धावत आला. "काय चुकलं गं?"

"माणसं पाठवलीस. आईसाठी नर्स पाठवली होतीस, तशीच."

त्याचे कान लाल झाले.

पुढच्या पाळीला त्याने स्वतः झाडू घेतला. गुडघ्यांवर बसून पायऱ्या पुसल्या, तळघराच्या दारामागचा कोपरासुद्धा सोडला नाही. लिसबेट आली. कठड्यावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि काही न बोलता आत गेली.

"जिंकलास!" मी म्हटलं. "विसरलास का? आम्हा इकडच्या श्वाबी लोकांत शिव्या नाही घातल्या म्हणजेच कौतुक झालं."

"कौतुक खूप झालंय माझं," तो कपाळ पुसत म्हणाला. "पदकांनी खण भरलाय."

मला वाटलं, आता हा हाय खाऊन बसणार. पण आयुष्यभर वाटाघाटी केलेला माणूस तो, त्याने खडा टाकायचं ठरवलं. त्याच्या पुढच्या पाळीच्या शनिवारी त्याने सगळा कचरा खाली आणला आणि तळघराच्या दारामागे तसाच लोटून ठेवला. त्यावर पाचोळा, दोऱ्याचा गुंता आणि कसलीशी साल. मग झाडू धरून शेजारी उभा राहिला.

लिसबेटने दार ढकललं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे झाडणं? आईच्या घरात? जगभर हात हलवत हिंडलास, तुला एक कोपरा झाडून काढता येत नाही? ती शेवटपर्यंत विचारत होती, एबरहार्ट आला का. मी सांगायचे, निघालाय. रोज खोटं बोलायचे तुझ्यासाठी! आणि तू मंत्र्याला फुलं देत होतास!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी जिन्यात वाकून ऐकत होते, आणि त्याची मला लाजही वाटली नाही.

त्याने एकही सबब दिली नाही. सबबी देण्यात हयात गेलेला माणूस, पण झाडू धरून मान खाली घालून ऐकत राहिला. "हो," एवढंच मधून मधून म्हणत होता. शेवटी तिचा दम संपला.

"आता खांबासारखा उभा काय राहिलायस? बूट काढ. आतली फरशी मी पुसलीय. कॉफी मिळेल, पण केक नाही. तू येणार हे मला माहीत नव्हतं."

दार लागलं. आतून तिचा चढा आवाज पुन्हा सुरू झाला, आणि कपांचाही.

दारामागचा कचरा तसाच पडला होता. मी खाली जाऊन सुपलीत भरला. माझी पाळी नव्हती.