उत्रेख्टला बायको हरवली त्याची गोष्ट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग मध्ये थांबवू नका. माणूस छत्री हरवतो, पाकीट हरवतो. मी हॉलंडात चक्क बायको हरवली!

साठ-बासष्ट सालची गोष्ट. मी जर्मनीत त्सुफेनहाउझेनला एका कारखान्यात उमेदवारी करत होतो. ही पुण्याहून नुकतीच आलेली. जर्मन येत नाही, दिवसभर घरात एकटी. मराठी ऐकायचं तर माझ्याच तोंडून, तेही मी दमून आल्यावर. म्हणून रजा काढली. म्हटलं, हिला आम्सटरडाम, हार्लेम, लायडन, डेल्फ्ट अशी जुनी गावं दाखवून आणू.

कोलोनला गाडी बदलली तेव्हाच कंडक्टरनं बजावलं. उत्रेख्टला गाडीचे दोन भाग होतात. मागचे डबे आम्सटरडामला, पुढचे समुद्रावर, लंडनच्या बोटीकडे. आपल्या डब्यातच बसा. मी 'या, या, गेनाऊ', म्हणजे हो, हो, अगदी बरोबर, म्हणत मान डोलावली. समजलं होतं हो सगळं!

पण मला एका जागी बसवतं का? हद्द ओलांडली आणि पाय मोकळे करायला निघालो. हा डबा बघ, तो डबा बघ, असं करत पार पुढे गेलो. तिथे एका खिडकीपाशी काय दिसावं? फिरकीचा तांब्या! अस्सल पितळी. आणि शेजारी कानटोपीतले एक म्हातारे गृहस्थ.

आता तुम्हीच सांगा, तुम्ही मागे फिरला असतात?

"कुठले आपण?" मी विचारलं.

"वाईचे. काळे. मुलाकडे लंडनला निघालोय."

झालं! वाईचे काळे म्हणजे कोणते काळे? घाटावरचे की बाजारातले? मध्ये कुठेतरी गाडी बराच वेळ थांबली, धक्के बसले, साखळ्या खडखडल्या. पण त्या वेळी आम्ही काकांच्या आत्याच्या सासरी, कऱ्हाडला पोचलो होतो. आणि अखेर धागा जुळलाच. हे हिच्या वडिलांचे आतेभाऊ निघाले.

"म्हणजे तुम्ही आमचे जावई की!" काका म्हणाले.

मी आनंदानं वाकून पाया पडलो. उठताना बाहेर बघतो तर क्रेन, भोंगे, जहाजं! दारात नवा टीसी उभा, तिकीट मागतोय. तिकीट, पासपोर्ट, कोट, सगळं हिच्यापाशी. आणि ही कुठे? परक्या मुलखात, एकटी, तोंडात एक शब्द नाही.

टीसीला माझी दया आली असावी. त्यानं आम्सटरडामला फोन करवला आणि मला तिकडच्या गाडीत बसवलं. वाटेत डेल्फ्ट गेलं, लायडन गेलं, हार्लेमही गेलं. मी एकही पाहिलं नाही. डोळ्यांसमोर रडणारी ही.

आम्सटरडामला ही बाकावर बसून कॉफी पीत होती. शेजारी तिच्याच डब्यातली एक डच बाई. तिनं खाणाखुणा करत हिला कालव्यातून बोटीनं फिरवूनही आणलं होतं.

मी बाजू सावरायला घाईघाईनं म्हणालो, "अगं, गाडीत वाईचे काळे भेटले! तुझ्या बाबांचे आतेभाऊ. नातं मी शोधून काढलं."

तिनं कप खाली ठेवला. डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"बापूकाका? आणि मला भेटवलं नाहीत? इतक्या दिवसांत माझ्या माणसाचं तोंड पाहिलेलं नाही मी."

मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "त्यांना हल्ली आठवत नाही, पण तुम्हाला? अहो, आपल्या लग्नाच्या पंगतीत तुमच्या शेजारीच बसले होते ते. मी घास हातात धरून ताटकळले होते, आणि तुम्ही तिकडे तोंड करून त्यांना विचारत होतात, कुठले आपण?"