पश्चिमेच्या भिंतीवरची फळी

आमच्या घरात एक फळी होती. हातभर लांब, वीतभर रुंद, काळीकुळकुळीत, आणि तिच्यावर कोरलेली हिब्रू अक्षरांची एक ओळ. ती आजोबांखेरीज कुणालाच वाचता येत नसे, आणि आजोबांना तरी वाचता येते की नुसती पाठ आहे, याबद्दल आजीला शंका होती.

आम्ही ठाण्याचे बेने इस्रायल. आमचे पूर्वज कधीकाळी गलबत फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले, तिथेच तेलाचे घाणे घालून बसले आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावात शनिवार तेली झाले. फळी त्याच फुटलेल्या गलबताची, असं आजोबा सांगत.

"दोन हजार वर्षं वाळवी काय उपास करत होती?" आजी विचारायची. "तुमच्या वडिलांनी वखारीतून आणलेली फळी ती. मी या डोळ्यांनी पाहिलीय."

आजोबा यावर काही बोलत नसत. ते गप्प बसले की आजीचं बरोबर असतं, हे मला फार लवकर कळलं होतं.

फळी पश्चिमेच्या भिंतीवर असे. प्रार्थना जेरुसलेमकडे तोंड करून करायची आणि जेरुसलेम ठाण्याच्या पश्चिमेला, हा मी शिकलेला पहिला भूगोल. सूर्य येऊरच्या डोंगराआड जायचा, त्यामुळे जेरुसलेम येऊरच्या पलीकडे आहे अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. लाकडाच्या मोळ्या विकायला येऊरहून एक बाई येई. तिला मी एकदा विचारलंसुद्धा, की तिकडची माणसं कशी आहेत. "बरी हायेत की," ती म्हणाली.

प्रार्थनेला कुणी जरा वाकडं उभं राहिलं की आजोबा त्याचे खांदे धरून त्याला सरळ करत. माझ्या बाबांना, तीन मुलांच्या बापाला, त्यांनी पाहुण्यांदेखत असं वळवलेलं मी पाहिलंय. दिशेच्या बाबतीत आजोबा कुणाचं ऐकून घेत नसत.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी आमच्यातली माणसं इस्रायलला जायला लागली. काका आधी गेला आणि त्याने आजी-आजोबांना बोलावून घेतलं. बाबांची नोकरी कल्याणला, रेल्वेत, ते राहिले.

"देवाने बोलावलंय," आजोबा म्हणाले.

"थोरल्याने बोलावलंय," आजी म्हणाली, आणि लोणच्याच्या बरण्या बांधायला लागली.

फळी बाबांनी स्वतः उतरवली आणि आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळली. "नाही जमलं तर परत या," ते आजोबांना म्हणाले. "काही लोक आलेतही. लाज वाटून घेऊ नका." आजोबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की बाबा मुकाट्याने गाठ मारायला लागले.

आजीचं पहिलं पत्र दीड महिन्याने आलं. काकाचं घर समुद्राजवळ आहे, मासळी मिळते पण एकाही माशाचं नाव कळत नाही, नारळ दिसत नाही. आणि मग:

"यांनी आल्या आल्या फळी लावली. सवयीने, सूर्य बुडतो त्या भिंतीला. पाय सुजलेत म्हणून बाहेर पडणं नाही, तेव्हा आठवडाभर घरीच तिच्यासमोर उभे. थोरला कामावर, त्याचं लक्ष नाही. काल शेजारचा बगदादवाला आला. त्याची भाषा आपल्याला येत नाही, आपली त्याला. त्याने यांचे खांदे धरले आणि पुरतं उलटं फिरवलं. इथून जेरुसलेम पूर्वेला आहे. आठवडाभर हे देवाला पाठ दाखवत होते."

आम्ही हसून हसून लोळलो. बाबा तर डोळे पुसत होते.

पुढच्या पत्रात फळी खाटेखाली गेली होती. "पुन्हा लावा म्हटलं तर ऐकत नाहीत," आजीने लिहिलं होतं. "म्हणतात, त्या बाजूला तोंड केलं की शब्द आठवत नाहीत. साठ वर्षं म्हटलेली प्रार्थना, आणि मधेच अडतात. बोलणंही कमी झालंय."

या वेळी कुणी हसलं नाही. पण खरं सांगते, आम्हाला मनातून बरं वाटलं. फळी खाटेखाली आहे तोवर आजोबा परत येतील, असं आम्ही धरून चाललो होतो. पत्र आलं की बाबा आधी फळीबद्दलचा मजकूर शोधत आणि मग वरून वाचायला घेत. शेवटी त्यांनी स्वतःच लिहिलं: परत या, इथली भिंत रिकामीच आहे.

याचं उत्तर आजोबांनी आपल्या हाताने लिहिलं. ते पत्र लिहीत नसत, त्यामुळे पाकीट बघूनच बाबा खुर्चीत बसले.

"चि. बाळास आशीर्वाद. फळी पूर्वेच्या भिंतीला लावली. सगळ्यांची तोंडं तिकडेच असतात, तसं आता माझंही. शब्द आठवू लागले आहेत. इथल्या लोकांजवळ बोललो नाही, तुला म्हणून सांगतो. जेरुसलेम इथून फार लांब नाही, हळू म्हटलं तरी चालण्यासारखं आहे. मी थोडं मोठ्याने म्हणतो. त्याच बाजूला पुढे ठाणं आहे."

बाबांनी त्यांना 'परत या' असं पुन्हा कधी लिहिलं नाही.