खुंटीवरची चंची

सुमन, माझी बायको, गेली तेव्हा मी दवाखान्याबाहेर चहा पीत होतो. सून आली आणि नुसती उभी राहिली. मी समजलो. उरलेला चहा टाकवला नाही, पिऊन मग आत गेलो.

तिचे वडील, आण्णा, संगमनेरकडचे वैद्य. ती सातवी शिकलेली, मी चौथी. पण वडिलांच्या ओट्यावर बसून ऐकलेलं सगळं ती आमच्या कोल्हारच्या घरात घेऊन आली. भूक लागल्याशिवाय जेवायचं नाही, शिंक आणि रडू अडवायचं नाही, कुणाचं वाईट चिंतत भाकरी थापायची नाही, ती पचत नाही. मी हसायचो. सगळं नशिबात लिहिलेलं असतं, असं माझं म्हणणं. ती म्हणायची, "नशीब हाय की. पन घास तोंडात कोन घालतं, नशीब का तुमी?"

खरं भांडण तंबाखूवरून. तोंडाची सालं निघाली, भाकरी झोंबायला लागली, तेव्हा मीच तिच्या हातात तंबाखूची कापडी चंची दिली आणि लपवून ठेव म्हणालो. तिने ती दाराजवळच्या खुंटीला, माझ्या टोपीशेजारी अडकवली. "मी लपविली तर सोडली मी. तुमी काय सोडलं?" दोनदा मी तिच्यासमोर चंची उतरवून बार भरला. तिने ताट वाढलं. तिसऱ्या खेपेला तंबाखू सुटली.

पुढे दर बाजाराला ती चंचीतली जुनी तंबाखू उकिरड्यावर टाकायची आणि ताजी भरायची. मी म्हणालो, डोकं फिरलंय तुझं. "वाळल्या पाल्यावर पानी सोडून काय मिळवनार? खावंसं वाटतंय तेच सोडायचं." शेजारचा दगडू ओट्यावरूनच ओरडायचा, "वैनी, आमच्या बी चंचीचं बघा की." "तुजी आदी खुंटीला लाव, मंग बगते."

आणि हीच बाई छातीत कळ येत असताना महिनाभर गप्प बसली, कांदे काढायला आलेत म्हणून. कळलं तेव्हा मी दवाखान्यातच ओरडलो, "शिंक अडवू नका म्हनतीस आन् कळ अडवलीस?" ती खाटेवरून हळू म्हणाली, "कळत हुतं ओ. कळून केलं. आमचे आण्णा त्यालाच चूक म्हनायचे. न कळून झालेलं निराळं..." त्याचा राग मला अजून आहे. नशीब म्हणून सोडून द्यावं, तर ती वाट तिनेच बंद करून ठेवली.

दहावा झाला, पाहुणे पांगले. घरात कोणी नाही असं बघून मी चंची उतरवली. का, ते ज्याने तंबाखू सोडलीय त्याला सांगायला नको. दोरी सोडली तर आत नुसता भुगा. दवाखान्याच्या धावपळीत किती बाजार चुकले होते... वासही नव्हता त्याला. ही सोडणं काहीच अवघड नव्हतं. मी चंची तशीच परत लावली.

बाजाराच्या दिवशी गेलो. दुकानदार म्हणाला, "काय बाबा, पुन्ना सुरू?"

"न्हाई. भरायचीय."

घरी येऊन भुगा उकिरड्यावर टाकला. ताजी भरली, दोरी आवळली आणि टोपीशेजारी अडकवली. दारातून येता-जाता वास येतो.