माईकची जागा

माझा थोरला भाऊ चष्म्याची भिंगं घासून देतो. केसभर चुकलेलं भिंग तो दुकानात ठेवतच नाही, तिथल्या तिथे फोडून डब्यात टाकतो. या सवयीचं गिऱ्हाइकांना भारी कौतुक. मला नाही. पुढे जे झालं ते पाहून तर मुळीच नाही.

वहिनी गिटार सुरेख वाजवायच्या. पण त्यांच्या बोटांतली ताकद चालली होती, ती परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगून टाकलं. मग लांब राहणारी लेक फोनवर म्हणाली, "आई, मला झोपवताना वाजवायचीस ना, ते रेकॉर्ड करून पाठव. हात चालतोय तोवर." दादाने दुसऱ्याच दिवशी माईक आणला.

गिटारच्या भोकासमोर माईक लावला, तर आवाज नुसता घुमला. दादाने रेकॉर्डिंग पुसलं. खाली तारा अडकवतात तिथे नेला, तर पत्रा खरवडल्यासारखा आवाज आला. तेही पुसलं. फ्रिज बंद करून झाला, भिंतींना गाद्या टेकवून झाल्या. रोज संध्याकाळी वहिनी निमूटपणे तीच धून वाजवायच्या आणि हा बाबा कानाला हेडफोन लावून माईक दोन बोटं इकडे सरकवणार, दोन बोटं तिकडे.

"दादा, एखादं तरी राहू दे की!" मी वैतागून म्हणालो.

"असलं भिकार पाठवू पोरीला?"

सहाव्या आठवड्यात जागा सापडली. गिटारची मान अंगाला जुळते तिथून वीतभर लांब, माईक किंचित तिरपा. वहिनींनी दोन तारा छेडल्या आणि दादाचा चेहरा खुलला. "बस्स! आता पहिल्यापासून वाजव." तिसऱ्याच सुराला त्यांचं बोट घसरलं. पुन्हा घसरलं. पुढच्या आठवड्यातही तेच. मग गिटार कपाटावर गेली.

मला वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. आम्ही तिघं जेवायचो, टीव्ही बघायचो, दिवे मालवायचो.

लेकीचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. "बाबा, जे असेल ते पाठवा."

"काही ठेवलंच नाही गं. एकही धड नव्हतं. आवाज घुमत होता."

वहिनी खिडकीपाशी बसल्या होत्या. चिडल्या नाहीत. दूध संपलंय सांगावं तशा म्हणाल्या, "घुमेना का. वाजवत तर मीच होते."