बेसिनजवळची खुर्ची

चिखलीच्या एका प्रसूतिगृहात, हात न धुता रुग्णाला स्पर्श करणाऱ्यास टोकण्याचे काम मी निवृत्तीनंतर स्वीकारले. तिथला डॉक्टर दिनेश माझा विद्यार्थी. एका बाळंतिणीचे टाके चिघळले, तेव्हा तो घरी आला. "बाई, माझं कुणी ऐकत नाही; तुमचं ऐकतील." माझ्या सुनेचे बाळंतपणही तिथेच व्हायचे होते, मी लगेच होकार दिला. बेसिनजवळ खुर्ची टाकून बसले, की किस्से आपोआप गोळा होतात.

*

पहिल्याच दिवशी बेसिनवर साबण नव्हता. शोभा सिस्टरांनी तो कपाटात कुलूपबंद केला होता.

"नातेवाईक घेऊन जातात, बाई. कुलूप लावल्यापासून एक वडी गेली नाही."

"झिजली तरी का?" मी विचारले.

दुपारी साबण बेसिनवर आला. भोक पाडून, सुतळीने नळाला बांधलेला.

*

वॉर्डात आयाचे काम करणाऱ्या वच्छलामावशी सकाळी घातलेले हातमोजे संध्याकाळीच काढत. चादरी, दार, चहाचा कप, सारे त्याच हातांनी.

"मावशी, हात धुतले?"

"काऊन धुवाचे, बाई? मोज्याच्या आत माहे हात एकदम साफ हायेत."

ते कोणासाठी साफ हवेत, हे पटवताना चहा निवून गेला.

*

दिनेश स्वतः शिस्तीने हात धुई. एकदा धुऊन वळला, मी दिसले, वाकून माझ्या पायांना हात लावला आणि थेट वॉर्डकडे निघाला.

"दिनेश, मागे फीर."

सिस्टर खाली बघून हसत होत्या. तेव्हापासून तो लांबूनच नमस्कार करतो. तोही पोहोचतो.

*

सुनेचे सिझेरियन ठरले. तिचे वडील, उंद्रीचे आबाजी, ऑपरेशनच्या खोलीच्या दारातच उभे होते. कोपरापर्यंत धुतलेले हात वर धरून दिनेश आत निघाला, तोच आबाजींनी ते घट्ट धरले.

"डाक्टरसाहेब, माही एकुलती एक पोर हाये."

"काळजी करू नका," म्हणून दिनेश बेसिनकडे परतला.

"काऊन परतले साहेब?"

"तुमचा हात लागला, आबाजी," सिस्टर म्हणाल्या. "आता पुन्हा धुवावे लागतील."

आबाजी दोन्ही हात काखेत दाबून बाकावर बसले. नळ वाहत होता.

नात झाली, सून सुखरूप. सिस्टरांनी बाळ पुढे केले, तरी आबाजींचे हात काखेतच.

"मी नाही लावत, बाप्पा."

मी त्यांना बेसिनशी नेले. ते धूतच राहिले. "पुरे, आबाजी, साबण संपेल," असे सिस्टरांनाच म्हणावे लागले.

त्या संध्याकाळी ठरले, की बाळ पाहायला येणाऱ्यांनीही आधी हात धुवायचे, आणि लेक घरी जाईपर्यंत माझ्या खुर्चीवर आबाजींनी बसायचे. दिनेश कबूल झाला, सिस्टर कबूल झाल्या, मावशींनी कुरकुरत मोजे काढले.

सकाळी मी नातीला पाहायला गेले. आबाजी उठले, त्यांनी लांबूनच नमस्कार केला आणि सुतळीचा साबण पुढे धरला.

"विहीणबाई, पहिले हे."

मी बांगड्या मागे सारल्या.