क्रियापद येईपर्यंत

सुनंदा मगदूम गेल्याचं ज्या मेसेजवरून कळलं, तो पाठवणाऱ्याचं नाव पाहून आधी किळस आली. रडू मागाहून आलं. ‘व्यासंगी सहकारी हरपली’ आणि खाली जोडलेले हात... पाठवणारे आमचे प्राचार्य. याच माणसानं तिला केबिनमध्ये बोलावून माफी मागायला सांगितलं होतं.

सुनंदा सांगलीजवळच्या जैन शेतकरी घरातली. हैदराबादला राहून फारसी शिकली आणि साताऱ्यात आमच्या कॉलेजात इतिहास शिकवू लागली. मी तिथंच साहित्यसमीक्षा शिकवत होते. तास संपले की आम्ही जुन्या फारसी तवारिखा, म्हणजे दरबारी इतिहास, वाचायचो. ती मला लिपी लावायला शिकवायची, अर्थ सांगायची, मी माझ्या नव्या समीक्षेतले प्रश्न टाकायचे. सांगणारा कोण, कुणासाठी सांगतो, कुठं गप्प बसतो? ती हसायची. “दरबारात बसून लिहिणारा धन्याकडं बघूनच लिहिणार की गं!” पण ते प्रश्न तिनं माझ्याहून नेमके वापरले. त्यातला एक मोगल इतिहासकार मराठ्यांचं नाव आलं की शिवी घालतो आणि लगेच पुढं आपली फौज रात्रभर कशी जागी होती ते लिहितो. ती म्हणायची, “शिवी ही त्या लेखनाची रीत आहे. भीती मात्र त्याची स्वतःची.”

हेच तिनं साताऱ्यातल्या एका व्याख्यानात सांगितलं. कुणीतरी शिवीपर्यंतचाच व्हिडिओ कापून फिरवला. संध्याकाळपर्यंत तिच्या फोनवर इतकी घाण आली, की मला ती वाचवेना.

प्राचार्य म्हणाले, “मॅडम, तुमचं बरोबर असेल. पण लोक चिडलेत.”

“मग त्यांना पुढचं वाक्य ऐकवू या.”

“पुढचं कोण ऐकतंय?”

तिनं माफी मागितली नाही. तिचे तास काढून घेतले गेले. शेवटी नोकरी सोडून ती सांगलीला भावाकडे गेली, आणि गेल्या महिन्यात झोपेतच संपली.

शोकसभेत प्राचार्य तिच्या सत्यनिष्ठेवर बोलले. फारसीऐवजी ‘उर्दूच्या अभ्यासक’ म्हणाले. त्यांच्या गळ्यातला हुंदकाही मला शिळा वाटला. तेवढ्यात पुढच्या रांगेतले तिचे थोरले भाऊ, अण्णा, उठले.

“आवं सायेब, माज्या भनीनं शिवी दिली न्हवती, वाचून दाखवली हुती. एवढं तरी आज म्हणा की.”

“अण्णा, ही ती वेळ नव्हे,” म्हणत प्राचार्यांनी सगळ्यांना उभं केलं आणि मौन जाहीर केलं. तिच्याविषयी खरं बोलायची वेळ आली, तेव्हा ते सभागृह असं शिस्तीत गप्प उभं राहिलं. मी अण्णांचा हात धरून बाहेर पडले.

अण्णांबरोबर सांगलीला गेले. तिच्या खोलीत तवारीख टेबलावर उघडीच होती. सुनंदाला वाक्य अर्धं टाकून उठलेलं खपत नसे. मराठीसारखंच फारसीतही क्रियापद शेवटी येतं. तोवर कुणाबद्दल मत बनवायचं नाही, असं तिनं मला बजावलं होतं. मी वाचायला बसले. वाक्य चांगलंच लांब होतं. अण्णांनी खालून चहाला दोनदा हाक मारली...

मी उठले नाही. क्रियापद अजून आलं नव्हतं.