लेकीच्या सायकलचे भरीव टायर

माझ्या शिवणकामाच्या दुकानाला लागूनच हवावाले काकांचं पंक्चरचं दुकान. भरीव टायरचं नाव काढलं की काकांचा पारा चढायचा. "पंक्चर होत नाही, हवा भरायला नको, एवढं सोडलं तर दगडावर बसून जायचं. हाडं खिळखिळी होतात, स्पोक तुटतात, ओल्या रस्त्यावर सायकल घसरते ते वेगळंच." गिऱ्हाईक म्हणायचं, धंदा बसेल म्हणून बोलताय. त्यात तथ्य होतंच, पण काका खोटंही बोलत नव्हते.

आई नसलेली एकुलती एक लेक त्यांनी याच दुकानात वाढवली. लग्नातल्या कुठल्याशा शब्दावरून जावयाने सासऱ्याशी बोलणं टाकलं आणि बायकोलाही माहेरची पायरी बंद केली. नवरा-बायको दोघं एकाच कारखान्यात कामाला. रोज दुकानावरून जायची. तो पुढे, ती मागे मान खाली घालून. तिची सायकल पंक्चर झाली की मात्र त्याचा नाइलाज व्हायचा, कारण त्या रस्त्याला दुसरं दुकान नव्हतं. मग हा शहाणा पलीकडे पाठ करून उभा राहायचा. ती स्टुलावर बसायची, आणि एरवी बोलता बोलता पॅच लावणारे काका ट्यूब पाण्यात धरून बुडबुडेच शोधत बसायचे.

"जेवतेस ना नीट?"

"हो बाबा."

एवढंच चालायचं, पण काकांचा तो आठवडा बरा जायचा.

पुढे तिची सायकल फारच वरचेवर पंक्चर व्हायला लागली. भोक बघून काका खिळा की काच ते ओळखायचे. हे भोक टाचणीचं होतं, दर वेळी व्हॉल्व्हच्या शेजारी, कडेला. काका संतापले. "कारखान्यात कुणीतरी पोरीच्या मागे लागलंय. मुद्दाम टोचतायत." पुढच्या खेपेला त्यांनी भरीव टायर आणूनच ठेवले होते. ते रिमवर चढवताना त्यांचे अंगठे सोलवटले. "आता कोण काय करतं बघू," म्हणाले. लेक नुसती बघत राहिली. पलीकडून नवऱ्याने घंटी वाजवली तशी उठून गेली.

त्यानंतर ती थांबली नाही. "बघा, एकदाही पंक्चर नाही," असं काका मला कौतुकाने सांगायचे आणि मग उगाच रस्त्याकडे बघत बसायचे.

परवा जावई एकटाच तिची सायकल घेऊन आला. दचक्यांनी स्पोक तुटला होता. "तिला बरं नाही," एवढंच बोलला. काकांनी चाक फिरवलं आणि त्यांचा हात थांबला. रिममधल्या व्हॉल्व्हच्या रिकाम्या जागेशेजारी टायरला टाचणीची भोकंच भोकं होती. एका भोकात मोडकं टोक अजून रुतलेलं होतं.

ते जावयाला म्हणाले, "साधे टायर घालून देतो. पैसे नकोत. या भरीव टायरांचे फार दचके बसतात तिला."

"राहू द्या. हेच बरे. सारखं थांबावं लागत नाही."

स्पोक बसवून घेऊन तो गेला. मला त्याचा इतका राग आला होता की हातातला कपडा वाकडा कापला गेला.

"टेलरबाई," काका म्हणाले, "पोर मला भेटायला टोचत होती हो. तिची वाट मीच बंद केली."

मी शिलाई टाकून त्यांच्याजवळ जाऊन बसले. एवढा मोठा माणूस ढसाढसा रडत होता.